ओढणीखालचा चेहरा

वाशीमच्या बाजारात डोक्यावरची मोळी उतरवली की झमकू गिऱ्हाइकाची वाट पाहत बसायची नाही. आधी बदरुद्दीनच्या दुकानासमोर जाऊन उभी राहायची. बदरुद्दीन म्हणजे पत्र्याचे डबे आणि कंदील दुरुस्त करणारा माणूस. हातातला कंदील खाली न ठेवता तो नुसती मान हलवायचा. "नाही आलं, झमकूबाई." ती परत येईपर्यंत शेजारच्या बायांच्या मोळ्या खपलेल्या असायच्या आणि हिची मोळी कुणीतरी पडेल भावानं उचलायचं. तांड्यातल्या बाया म्हणायच्या, हिला याड लागलं. याडबीड काही लागलं नव्हतं. तिला आपल्या पोरीचा चेहरा आठवत नव्हता, एवढंच.

एवढंच म्हणायला कुणाचं काय जातं म्हणा!

गोष्ट पहिल्या जर्मन लढाईतली. वाशीमला एक साहेब उतरला होता. दुनियाभर हिंडायचं आणि डोंगर, जनावरं, जातीजातीची माणसं यांचे फोटो काढायचे, हाच त्याचा धंदा. त्याचे फोटोच्या काचा ठेवायचे पत्र्याचे डबे बैलगाडीच्या धक्क्यांनी चेपले, ते ठोकून सरळ करायला बदरुद्दीनला बोलावलं. बदरुद्दीनला साहेबाची मोडकी हिंदुस्थानी समजत होती आणि लमाणांशीही त्याची ऊठबस होती, म्हणून साहेबानं त्याला दुभाष्या म्हणून सोबतच घेतलं. अशी ही दोघांची वरात टेकडीखालच्या तांड्यावर आली.

लोक बुजले. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मग साहेबानं तंबूत बसून सगळ्यांना आधीचे फोटो दाखवले. पांढरेशुभ्र डोंगर निघाले. बदरुद्दीन म्हणाला, हे बर्फ आहे. तांड्याचे नाईक अमरसिंग म्हणाले, "काहून थापा मारतं बे, येवढं मीठ कोन्या राजानं सांडलं?" मग पट्ट्यापट्ट्यांचं जनावर निघालं, तेव्हा गाढवाला कुणी आणि कशासाठी रंगवलं यावर बराच वाद झाला. चेहराभर गोंदलेल्या बाया निघाल्या, तशी झमकूनं आपल्या हनुवटीवरच्या गोंदणावर बोट ठेवलं. शेवटी एक काळीसावळी बाई निघाली, कुठल्या मुलुखातली कोण जाणे. तिच्या कडेवर लेकरू होतं. झमकूनं तो फोटो बराच वेळ सोडला नाही.

"बदरूभाई, हे लेकरू जिवंत हाय का आता?"

बदरुद्दीननं साहेबाला विचारलं. साहेब हसला. त्याला काय ठाऊक? तो तिथं एकच दिवस होता.

झमकूनं असं विचारावं याला कारण होतं. तिची आधीची लेकरं पाळण्यातच गेली होती. सकरी तेवढी नवसासायासानं वाचली, चार वर्षांची झाली. तिला झमकू अशी जपायची की तांड्यातल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. गालावर काजळाची तीट, गळ्यात ताईत, आणि अनोळखी माणूस दिसला की स्वतःची ओढणी तिच्या तोंडावर. त्या ओढणीला आरसे होते. वाईट नजर आली तर आरशावर आपटून परत जाते, असं झमकूला तिच्या आईनं सांगितलं होतं. आईची आठ लेकरं जगली होती, तेव्हा तिला खोटं कोण म्हणणार?

दुसऱ्या दिवशी साहेबानं झमकूला झाडाखाली बसवलं, मांडीवर सकरी. झमकूचा नवरा फुलसिंग तेव्हा ढोरं घेऊन रानात होता. साहेब काळ्या फडक्यात शिरला आणि तो एकुलता एक काचेचा डोळा मायलेकींवर रोखला गेला. झाकण निघायच्या आत झमकूनं ओढणी सकरीच्या तोंडावर ओढली. फोटो निघाला तो तसाच.

साहेब चिडला. पोरीचं तोंड पाहिजे, म्हणाला. बदरुद्दीननं समजूत घातली, "काही नाही होत, बाई. मोठी होऊन सासरी गेली की तुलेच पाहाले होईन." साहेबानं सकरीला गुळाचा खडा दिला. सकरीनं गाल फुगवून आईकडे पाहिलं. आणि झमकूनं, कधी नव्हे ते, आपल्या हातानं ओढणी वर केली. "हालू नको," म्हणाली. सकरी हलली नाही, पण हसली. दुसरी काच निघाली. फोटो बदरुद्दीनच्या दुकानावर पाठवतो असं सांगून साहेब पुढच्या मुलुखाला गेला.

पुढच्याच वर्षी मानमोडीची साथ आली. तांड्यात माणसं पटापट गेली, पुरायला धडधाकट हात उरले नाहीत. सकरी तापात दोन दिवस काढून गेली. साथीनं अख्खा मुलूख झोडपला होता, पण फुलसिंगला ते पटेना. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की झमकूनं पोरीचं तोंड काचेला उघडं करून दाखवलं. त्यानं तिला मारलं नाही, टाकलंही नाही. नुसतं तेव्हापासून कुणी लेकराबाळांचं विचारलं की तिच्यादेखत सांगायचा, "व्हती एक. हिनं काचेले देली." मारलं असतं तर एका दिवसात मिटलं असतं, असं झमकूला वाटायचं. तिनं कधी उलट उत्तर दिलं नाही. करणार काय? तिलाही तेच वाटत होतं.

पण त्या दोषाच्या पोटातच तिची एक आशा होती. तोंड उघडं केलं म्हणून पोर गेली असेल, तर तोंड उघडं केलं म्हणूनच ते कुठंतरी असेलही. साहेबाच्या डब्यात, काचेवर, गाल फुगवून हसणारं. आणि त्याची गरज तिला दरवर्षी जास्तच भासू लागली. सकरीच्या केसांचा वास तिला आठवे, पायातल्या वाळ्यांचा आवाज आठवे, पण चेहरा आठवायला डोळे मिटले की तिथं शेजारच्या फुलकीची पोर दिसायची, नाहीतर बाजारातली कुणाची तरी. आई असून लेकरू ओळखता येईना. याची तिला इतकी लाज वाटे की ती हे कुणाजवळ बोलली नाही, एका बदरुद्दीनजवळ सोडून. म्हणून तो दर बाजारी मान हलवायचा आणि त्याचंही मन त्याला खायचं.

अशी वर्षं गेली. झमकूचे केस पिकले, मोळ्या लहान झाल्या. फुलसिंगची नजर अधू झाली, जीभ मात्र तशीच राहिली.

मग एका वर्षी बदरुद्दीन हजला निघाला. मुंबईत जहाजाची वाट पाहत बंदराजवळ हिंडताना एका दुकानात त्याला चित्रांची कार्डं टांगलेली दिसली. मिठाचे डोंगर, पट्ट्यांचं गाढव. तो आत घुसला आणि सगळी कार्डं चाळू लागला. झमकू सापडली. ही दुसरी काच नव्हे, हे त्यानं ओळखलं आणि दुसरीसाठी दुकानदाराच्या हातापाया पडला. दुकानदार आत कार्डं छापणाऱ्याला विचारून आला. साहेबानं निवडल्या त्याच काचा ठेवल्या, बाकीच्या धुऊन पुन्हा वापरल्या. काच काय फुकट येते?

परत आल्यावर बदरुद्दीननं ते कार्ड झमकूच्या हातात ठेवलं. मनात आलं असतं तर दुसरी काच सापडेल अशी थाप मारून तिला आणखी काही वर्षं आशेवर ठेवता आलं असतं. पण नुकताच हाजी होऊन आलेला माणूस, खोटं बोलायचीही सोय उरली नव्हती.

"धुतली म्हंजे?" झमकूनं विचारलं.

"पुसली, बाई. मंग त्याच्यावर दुसऱ्या कोनाचं चित्र काढलं असन."

कार्डावर झमकू होती, तरणीताठी. हनुवटीवरचं गोंदण अन् गोंदण मोजून घ्यावं इतकं स्पष्ट. ओढणीचे आरसे झगझगत होते. साहेबाला बहुधा तेच भावलं असावं. ओढणीखालून दोन इवलेसे पाय बाहेर आले होते, पायांत वाळे. डाव्या पायाचा अंगठा पुसट होता, कारण तो हलला होता.

तांड्याकडे जाताना ती वाटेत बाभळीखाली बसली. कागदाच्या खाली काही नसतं, हे कळायला तिला कुणाची गरज नव्हती. तरी तिचं नख त्या ओढणीच्या काठाशी गेलं. हलकेच खरवडू लागलं. आरसा निघाला, काठ निघाला, खालून पांढरा कागद वर आला. तेव्हा ती ओक्साबोक्शी रडली. पोर पुरली त्या दिवशी रडली नव्हती इतकी रडली.

घरी फुलसिंगनं कार्ड उजेडाकडे धरून डोळ्यांजवळ नेलं.

"हे तू. अन् हे पाय?"

"सकरीचे."

"अन् तोंड?" त्यानं बोटानं चाचपलं. "झाकलं व्हतं का वं तू? म्हंजे काचेले तोंड दिसलंच नाही पोरीचं. अन् मी जलमभर तुले..." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "चुकलं मायं, झमकू."

नुसतं गप्प बसायचं होतं. डोक्यावरचा तो धोंडा आपोआप उतरत होता.

"नाही," झमकू म्हणाली. "दुसऱ्या खेपेले उघडलं व्हतं मी. मीच उघडलं."

"आता कायले खोटं बोलून राह्यली? हे पाय ना डोळ्यापुढं."

"उघडलं व्हतं म्हंतो ना! तोंडात गूळ व्हता तिच्या. हासली व्हती ते."

फुलसिंग ऐकेना. कार्ड घेऊन तो काठी टेकत घरोघर गेला आणि ज्याला त्याला दाखवत सुटला. पाहा, झाकलं होतं हिनं, उगाच बोल लावला मी. लोकांनी पाहिलं, माना डोलावल्या. झमकू त्याच्या मागोमाग प्रत्येक दारात जाऊन सांगत होती की नाही, मी उघडलं होतं, पोर हसली होती. बदरुद्दीनला विचारा, म्हणत होती. त्या दिवशी झाडाखाली असलेले तांड्यातले लोक कधीच गेले होते, आणि बदरुद्दीनला कोण कशाला विचारतं? म्हातारीला याड लागल्याचं सगळ्यांना आधीच ठाऊक होतं, आणि कार्ड तर समोर होतं.

सकरी हसली होती, हे आता तांड्यात एकट्या झमकूला माहीत होतं. आणि तिलाही ते दिसत नव्हतं.