भंडाऱ्याची वाटी

खरं सांगते, त्या दिवसांत मी खंडोबावर रुसले होते. आमच्या छत्रीबाग मोहल्ल्यात माझ्या तोंडी लागायची कोणाची टाप नव्हती. आणि एका सकाळी पूजेलाच बसले असता झटका आला, उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून नुसतं "बा, बा". जन्मभर ज्याचं नाव घेतलं, त्यानंच माझी जीभ न्यावी?

नवं राज्य झालं होतं, ह्यांची कचेरी नव्या राजधानीत, भोपाळला हलणार होती. ह्यांनी महिन्याची सुट्टी काढली आणि बोलणं शिकवणाऱ्या एका डॉक्टरांकडे मला इस्पितळात नेऊ लागले. डॉक्टर परमुलखातले, हिंदीतून बोलणारे. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. आरशात बघून ओठ मिटा, उघडा; चित्र बघून नाव सांगा. पंधरा दिवसांत "पाणी", "चहा" यायला लागलं. पण ह्यांच्याकडे बोट दाखवून डॉक्टर विचारत, "ये कौन हैं? नाम बोलिए," की मी गप्प. वहीत रोज फुली. अहो, चारचौघांत नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? पण हे सांगायला तरी शब्द हवेत ना! हे बिचारे मान खाली घालून बसत. त्यांना वाटे, ही मला विसरली. शेवटी डॉक्टर म्हणाले, शनिवारपर्यंत बघू, नाहीतर शिकवणं थांबवू.

शुक्रवारी शेजारच्या बाकावर देपालपूर गावाकडची एक म्हातारी बसली होती. माझी फजिती बघून ती खळखळून हसली. "डाक्टर साब, लुगाई धणी को नाम कदी ले है कईं?" बायको नवऱ्याचं नाव कधी घेते का, असं तिचं म्हणणं. मग मला म्हणाली, तुम्ही मराठणी लग्नात जोडून नाव घेता ना, तसं घे, बेन.

मी डोळे मिटले. मनात म्हटलं, मल्हारी, आता तूच बोल. आणि लग्नातला उखाणा न अडखळता बाहेर आला:

"खंडोबाच्या देव्हाऱ्यात भंडाऱ्याची वाटी,
गोविंदरावांचं नाव घेते तुम्हा सर्वांसाठी."

हे ढसाढसा रडले. आम्ही भानावर येऊन बघतो तर म्हातारी निघून गेलेली. पुन्हा कधी दिसली नाही. कोण होती, यावर मी वाद घालत नाही.

त्यानंतर डॉक्टर उखाण्यातला एकेक शब्द बदलून म्हणायला लावत, आणि शब्द परतू लागले. महिना संपला, ह्यांची भोपाळला निघायची वेळ झाली. ह्यांचा टांगा दारात उभा, आणि चष्मा घरातच! मी आतून ओरडले, "गोविंदराव, चष्मा!" उखाणा नाही, काही नाही. सगळ्या गल्लीनं ऐकलं. हे वळले आणि तिथेच हात जोडून उभे राहिले.

मी खंडोबाला एवढंच म्हटलं, जीभ तुझीच रे बाबा, देशील तेवढंच बोलेन. शेजारणी म्हणतात, देवानं जरा जास्तच दिलं.