तुम्हीच काढून द्या

माणूस गेल्यावर त्याचे कपडे देऊन टाकता येतात, छत्री कुणीतरी मागून नेतं, चष्म्याची काडी दुसऱ्या चष्म्याला लागते. किस्से मात्र कुणी नेत नाही. ते घरातच राहतात आणि साचत जातात. शाळेत मधल्या सुट्टीत एखादी शिक्षिका म्हणते, "बाई, तुमच्या दुकानातला एखादा सांगा ना," आणि एक सांगायला घेतला की त्याच्या मागून चार निघतात. ह्यांना जाऊन दोन दिवाळ्या झाल्या. अजून संपलेले नाहीत.

दुकान म्हणजे पुसदच्या बाजारातलं आमचं लोखंडी सामानाचं दुकान. कुऱ्हाडी, फावडी, विळे, साखळ्या, खिळे. हे गादीवर बसत. सगळा बाजार त्यांना वामनभाऊ म्हणे. मी मुलींच्या शाळेत शिकवते; तेव्हा शाळा सुटली की घरी जाण्याआधी तासभर तिथे टेकायची. पायरीशेजारी एक बाक होता. त्यावर ठरलेली मंडळी असत. कुऱ्हाडी घडवणारा उस्मान मिस्त्री, समोरच्या दुकानाचे सेठजी आणि बाजाराच्या दिवशी फुलसावंगीकडच्या तांड्यावरून येणारी झमलीबाई.

*

आमच्याकडे कुऱ्हाड डोळ्यांनी घेत नाहीत, कानांनी घेतात. दांड्याच्या भोकात बोट घालून पातं लटकवायचं आणि पायरीच्या दगडावर हलकं टेकवायचं. खणकन वाजलं तर ठीक. बद्द वाजलं तर आत कुठेतरी चीर आहे. सात-आठ वाजवून झाल्या की गिऱ्हाईक कंटाळून म्हणे, "वामनभाऊ, तुम्हीच काढून द्या." मग हे विचारत, लाकूड कोणतं? बाभूळ की धावडा? चालवणार कोण, तू की तुझा बाप? आणि एक काढून देत. त्यावर पुन्हा कुणी वाजवून बघत नसे.

एकदा थेट मुकुटबनहून एक माणूस आला. नवी कुऱ्हाड हवी होती. ह्यांनी त्याची जुनी मागून घेतली, वाजवली आणि परत त्याच्या हातात दिली.

"पातं चांगलं हाय तुह्यं. दांडा नवा बसव."

माणूस चिडला. "मंग मी इतक्या दुरून आलो कायले?"

"च्या प्यायले," हे म्हणाले, आणि चहावाल्याला हात केला.

त्या माणसानं चहा घेतला. पुढे त्याच्या गावची माणसं आमच्याकडेच यायला लागली, आणि आल्याबरोबर आधी चहा मागायला लागली.

*

छप्पन साली आमचा भाग मुंबई राज्यात गेला आणि मुंबईचे एजंट आमच्याकडे आले. पहिले आले ते दाते. एका मोठ्या कंपनीचे. स्वच्छ कपडे, गोड बोलणं, प्रत्येक वाक्यात "वामनराव". माणूस वाईट नव्हता. त्यांनी कंपनीची कुऱ्हाड आणि फावडी दाखवली आणि माल ठेवायला एक काचेचं कपाट फुकट दिलं. पुसदच्या बाजारात लोखंडासाठी काचेचं कपाट तोवर कुणी पाहिलं नव्हतं. आत निळा कागद लावून कुऱ्हाडी उभ्या केल्या होत्या.

बाजाराच्या दिवशी झमलीबाई आली. तिनं कपाटाकडे बराच वेळ पाहिलं, मग वाकून नमस्कार केला. जवळच्या पुडीतलं चिमूटभर कुंकू काढून काचेला लावलं आणि बाकावर येऊन बसली.

"भिया," ती ह्यांना म्हणाली. तांड्याच्या बोलीत भिया म्हणजे भाऊ. "मले एक कुऱ्हाड दे."

ह्यांनी कपाट उघडायला किल्ली काढली. ती घाबरून उठली.

"त्या नको रे. त्या देवाच्या हाय. आमच्यातल्या दे."

दाते तिथेच होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला, काचेपर्यंत नेला आणि पुसावं की नाही या विचारात तसाच परत खिशात ठेवला.

*

फावड्याचं मात्र तसं नव्हतं. कंपनीचं फावडं खरंच चांगलं होतं, हलकं आणि पात्याला सरळ. गिऱ्हाईक आलं की हे उघड सांगत, "फावडं कंपनीचं घे, कुऱ्हाड मिस्त्रीची घे." आणि तेही उस्मान मिस्त्री बाकावर बसलेला असताना.

मिस्त्री रुसला. आठवडाभर बाकावर आला नाही. भट्टीवर चहा पाठवला तर तसाच परत आला. मग एक दिवस आला आणि न बसता म्हणाला, "दाखव ते फावडं."

उजेडात नेऊन त्यानं ते उलटंसुलटं पाहिलं. पात्याच्या मुळाशी, जिथे दांड्याची नळी वळते, तिथून अंगठा फिरवला. मग बाकावर बसला.

"तिथंबी कोनीतरी मिस्त्रीच बसला हाय, वामनभाऊ," तो म्हणाला. "हात वळखू येते. च्या सांग."

*

सेठजींच्या दुकानात वर्षभरात कंपनीची पाटी लागली. नुसती पाटी नव्हे. दुसऱ्या कुणाचा माल ठेवायचा नाही अशी बोली होती आणि त्याबद्दल कंपनी त्यांना दर वर्षी पैसे देणार होती. उस्मान मिस्त्रीच्या कुऱ्हाडी सेठजींनी पोत्यात भरून त्याच्या भट्टीवर परत पाठवल्या. वर निरोप दिला, "नाराज मत होना."

सेठजी बाकावर आले की हे चिडवत. "सेठजी, माल त्याह्यचा, पाटी त्याह्यची. आता गादीवरबी त्याह्यचाच माणूस बसवा."

"बसवा ना," सेठजी म्हणत. "मी घरी जाऊन जेवतो, दोन घंटे झोपतो."

पावसाळ्याच्या तोंडावर, भर दुपारी, सेठजी रस्ता ओलांडून आले. इकडेतिकडे पाहिलं.

"वामनभाऊ, एक कुऱ्हाड द्या. घराच्या जळणासाठी. मिस्त्रीची."

ह्यांनी काढून दिली.

"कागदात बांधून द्या."

"कुऱ्हाडीले कागद कायले, सेठजी? तुम्हाले कोण पाहाते आता?"

सेठजींनी स्वतःच्या दुकानाकडे बोट केलं. "समोर माझंच दुकान आहे ना. तिथून सगळं दिसते."

*

कंपनी आपली माणसं गिऱ्हाईक बनवून पाठवते, असं सेठजी सांगत. आपला माल पुढे केला जातो की नाही हे बघायला. आमच्याकडेही एक आला. डोक्याला फेटा, पण फेट्याच्या घड्या दुकानातल्या. पायात धूळ नाही.

"कुऱ्हाड द्या," तो म्हणाला. "तुम्हाला चांगली वाटेल ती."

"कोणत्या गावचे?"

"फुलसावंगी."

बाकावर झमलीबाई होती. ती सरसावून बसली. आमच्या भागात गावानंतरचा प्रश्न ठरलेला असतो. "कोनाचा रे तू?"

त्यानं एक नाव सांगितलं.

"कोन्त्या आळीतला? तुही माय कोन्त्या गावची? तुह्या घरामागं काय हाय?"

बिचारा घामाघूम झाला. ह्यांना त्याची दया आली. त्यांनी काचेच्या कपाटातली कुऱ्हाड काढून त्याच्या हातात दिली.

"तुम्ही कंपनीचीच घ्या," हे म्हणाले. "तुमच्या हातात ती जलमभर टिकन."

त्यानं ती विकत घेतली. वर काय कळवलं कुणास ठाऊक, पण महिन्याभरात कंपनीकडून ह्यांच्या नावानं शाबासकी आली.

*

इथे क्रम सोडून एक सांगते, नाहीतर राहून जाईल.

गेल्या वर्षी, हे गेल्यानंतर, झमलीबाई घरी आली. दुकानात नाही, घरी. आता ती बरीच वाकली आहे. तिच्या मुलानं कुठल्याशा जत्रेतून कुऱ्हाड आणली होती, ती लुगड्याच्या तुकड्यात बांधून आणली होती.

"बाई, हे वाजवून पाहा," ती म्हणाली.

"झमलीबाई, मला आवाजातलं काही कळत नाही."

"तुमी त्याच्या घरच्या. वाजवा."

मी दांड्याच्या भोकात बोट घातलं आणि उंबऱ्यापुढच्या दगडावर टेकवलं. आवाज आला. चांगला की वाईट, मला खरंच कळलं नाही. मी तसं सांगितलंही.

ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती.

"पुन्हा एक डाव वाजवा," ती म्हणाली.

*

आता शेवटचा. हा मी मधल्या सुट्टीत सांगत नाही, कारण तेवढ्या वेळात होत नाही.

आमच्या दुकानाची जागा भाड्याची होती. मालकानं एके दिवशी सांगितलं, मी जागा विकतो आहे. तुम्ही घेत असाल तर दिवाळीपर्यंत घ्या, नाहीतर दुसरा घेईल. आमच्याजवळ तेवढं नव्हतं. हे बाजारात कळायला किती वेळ लागतो? त्याच आठवड्यात दाते कागद घेऊन आले. कंपनी सेठजींना देत होती त्याहून पुष्कळ जास्त ह्यांना देणार होती. जागा आमची झाली असती. अट तीच. दुकानात दुसऱ्या कुणाचा माल नको. म्हणजे उस्मान मिस्त्रीचा नको, कारण दुसरा होता कोण?

सेठजींनी माल बंद केल्यापासून मिस्त्रीची भट्टी आमच्या एका दुकानावर चालली होती. आमचंही दार बंद झालं असतं तर त्याला भट्टी विझवून नागपूरला कुठल्या तरी कारखान्यात जावं लागलं असतं. हे त्यालाही माहीत होतं आणि ह्यांनाही.

"सगळेच करतात, वामनराव," दाते म्हणाले. "यात बेकायदा काही नाही."

"बेकायदा नाही म्हणता, म्हणजे काहीतरी हाय," हे म्हणाले. पण कागद परत केला नाही. शनिवारी या, सांगतो, म्हणाले.

घरी जेवताना त्यांचा हात दोन-तीनदा थांबला. मग तेच म्हणाले, "लोकं म्हणतात, तुम्हीच काढून द्या. उद्यापासून हात एकाच फळीवर जाईन माहा. त्याह्यले वाटन, मी निवडून देल्लं."

"जागा गेली तर फळीच राहणार नाही," मी म्हटलं.

"तेबी खरं हाय," ते म्हणाले, आणि ताक मागितलं.

शुक्रवारी मी शाळेतून दुकानात गेले तर उस्मान मिस्त्रीचा खण रिकामा. ह्यांना सकाळी दुकान सेठजींच्या नजरेवर सोडून जागेच्या मालकाकडे जावं लागलं होतं. तेवढ्यात मिस्त्री हातगाडी घेऊन आला होता आणि स्वतःच्या सगळ्या कुऱ्हाडी भरून घेऊन गेला होता. सेठजी रस्ता ओलांडून आले होते, त्यांना तो म्हणाला होता, "वामनभाऊले सांगा, त्याच्यानं मले नाही म्हणवणार नाही. म्हणून मीच जागा करून देल्ली."

हे त्या रिकाम्या खणासमोर उभे होते. फडक्यानं तो पुसत होते. तो पुसण्याची काही गरज नव्हती.

शनिवारी सकाळची शाळा. मी परतले तर दाते आमच्या अंगणात उभे. दुकानाला कुलूप आहे, म्हणाले, वामनराव कुठे आहेत? मलाही माहीत नव्हतं. हे सकाळी उठून, अंघोळ करून, न सांगता गेले होते. दुकान बंद ठेवून कुठे जाणारे ते नव्हतेच. तरी मला वाटलं, भट्टीवर असतील, आणि मी दात्यांना म्हटलं, चला.

नदीकडच्या अंगाला मिस्त्रीची भट्टी होती. लांबूनच घणाचा आवाज येत होता. आत गेलो तर मिस्त्री ऐरणीशी, आणि भट्टीच्या मागे, धोतर खोचून, सदरा खुंटीला टांगून, हे भात्याची दोरी ओढत होते. छातीवर राख बसली होती. मला पाहिलं आणि पुन्हा भट्टीकडे बघू लागले.

दात्यांनी कागद काढला.

"वामनराव, आज शनिवार. सहीचं काय करायचं?"

"मी इथं कामाले लागलो, दातेसाहेब," हे म्हणाले. "मले काय इचारता? मालकाले इचारा."

दात्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीनं घण खाली ठेवला, पातं चिमट्यात धरून परत निखाऱ्यात सारलं आणि मनगटानं कपाळ पुसलं.

"काम काही येत नाही याले," तो म्हणाला. "सकाळपासून दोन पाती जाळली. पन ठेवून घेतला. एकच अट घातली."

"कोणती?" दात्यांनी विचारलं.

"माह्याकडं काम करायचं, तर दुसऱ्या कोनाचं करायचं नाही."

दाते कागद हातात घेऊन उभे होते.

"आच कमी पडून राह्यली, वामन," मिस्त्री म्हणाला. त्याच्या तोंडून नुसतं वामन मी त्या एकाच दिवशी ऐकलं.

ह्यांनी दोरी ओढली.