लॉक मीच लावलं होतं

सकाळपासून डोकं फिरलं होतं, मंडळी. एक्स-रे शोषणाच्या आलेखातल्या शिखरांवर सॉफ्टवेअरची रेघ बसेचना.

लॅबमधली माझी ज्युनिअर, पिशोरची स्वाती म्हणाली, "दादा, नमुना चांगलाय. सेटिंग बघा ना एकदा."

"तू मला शिकवती व्हय? नमुनाच बिघडलाय, टाकून दे," मी खेकसलो. तिनं टाकून दिला.

दुपारी सापडलं. कालच्या नमुन्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये शिखराची जागा मीच लॉक करून ठेवली होती. लॉक काढलं अन् रेघ चपखल बसली.

स्वातीची माफी मागितली. मग तिला नव्यानं बसवलेली रेघ दाखवून विचारलं, "हे बरोबर वाटतं का गं?"

"तुम्ही म्हणाल तसं, दादा."

नमुना परत बनवता येईल. पण सकाळी मला अडवणारी स्वाती परत कशी आणू?