व्याह्यांचा न दिसणारा वायू

ज्याला रंग नाही, वास नाही, चव नाही आणि ज्याचं नाव घेतलं तर समोरचा माणूस चहाचा कप तसाच ठेवून उठतो, अशा गोष्टीवर जीव टाकणारा माणूस मी आमच्या व्याह्यांखेरीज दुसरा पाहिला नाही. माणसं देवावर जीव टाकतात म्हणा, पण देवाचं निदान कॅलेंडर तरी मिळतं. व्याह्यांच्या रेडॉनचं तेही नव्हतं. हा वायू जमिनीतून निघतो, भेगांतून घरात शिरतो, कोंदट जागी साठतो आणि वर्षानुवर्षं श्वासात गेला तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, एवढं ते कुणालाही एका दमात सांगत. शेवटी दिलासा म्हणून, "पण घाबरू नका, आपल्या काळ्या दगडात तो कमीच असतो," असंही म्हणत. तोवर ऐकणारा गल्लीच्या टोकाला पोचलेला असे.

त्यांचा मुलगा माझा जावई; तो नि माझी मुलगी पुण्याला असतात. आमच्याच कॉलनीत मागच्या गल्लीत व्याह्यांचं घर. वाळूजच्या एका कारखान्यात मोजमापाच्या खात्यात त्यांची नोकरी झाली, आणि निवृत्तीनंतर कारखाना सुटला तरी मोजमाप सुटलं नाही. शहागंजात कापड घ्यायला गेले की खिशातून स्वतःची टेप काढून दुकानदाराचा गज तपासत. एकदा तिथला म्हातारा कापडवाला वैतागून म्हणाला, "चच्चा, कुर्ता सिलाना है या जमीन की रजिस्ट्री करनी है?" व्याही शांतपणे म्हणाले, "तुमचा गज बरोबर आहे. आता द्या कापड." दवाखान्यात गेले की आधी डॉक्टरांचं रक्तदाबाचं यंत्र तपासून घेत, मग दंड पुढे करत. लग्नाच्या पंगतीत सगळे जिलेबीकडे बघत असताना हे छताकडे बघून हवा कुठून येते नि कुठून जाते याचा अंदाज घेत बसत. त्यांची पत्नी, आमच्या विहीणबाई, अचानक गेल्या, त्यानंतर हे सगळं जरा वाढलंच. रिकामं घर मोजून मोजून किती मोजणार!

अशात परदेशातल्या पुतण्यानं त्यांना तळहाताएवढी एक पांढरी डबी पाठवली. घरात ठेवून दिली की आठवडाभरानं ती रेडॉनचा आकडा दाखवायची. अट एकच : तेवढे दिवस दारं-खिडक्या शक्यतो बंद ठेवायच्या. आता आमच्याकडे दार उघडतं सकाळी आणि लागतं ते झोपायच्या वेळी. भरदिवसा बंद दार म्हणजे घरात भांडण किंवा मयत. व्याह्यांनी पहिली चाचणी केली समोरच्या ठेकेदारांकडे. दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात खांद्यावर पंचे टाकलेली चार माणसं जमली, आणि एक मावशी पिठलं-भाकरीचा डबा घेऊन आली. कुणीतरी हळूच दार वाजवून विचारलं, "कोण गेलं म्हणायचं?" व्याही नेमके आत डबी बघायला आलेले. त्यांनी दार बोटभर उघडलं आणि ओरडले, "कुणी नाय गेलं! हवा जाईल, लोटा दार!" ठेकेदारांनी पिठलं मात्र ठेवून घेतलं.

हळूहळू त्यांनी जवळजवळ सगळी कॉलनी मोजली. सगळीकडे आकडा ठीक. लोकांना आनंद झाला, व्याह्यांना मात्र निराशा पुरती लपवता येत नसे. "तुमच्याकडे काहीच नाय निघालं," हे ते अशा आवाजात सांगत, की घरमालकाला उगीच कमीपणा वाटे. पोरं त्यांना 'गॅसवाले काका' म्हणायला लागली. एका बाईंनी तर सिलिंडर संपल्याचं त्यांना सांगून ठेवलं. हसणाऱ्यांत मी पुढच्या रांगेत होतो, पण व्याही समोर आले की हसू गिळायचो. मुलीकडच्यांनी व्याह्यांपुढे कसं राहायचं, ते आमच्या पिढीच्या हाडात मुरलेलं आहे.

आमचं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं. आमचं तळघर म्हणजे माझा अभिमान. प्लॉटवर एक जुना कोरडा आड होता. बांधकामाच्या वेळी तो मातीनं नीट भरायला हवा होता. मी दगड-गोटे लोटून तो बुजवला आणि वर मुरूम टाकून, शहाबादी फरशी घालून खोली काढली. मे महिन्यात फरशीच्या सांध्यांतून गार झुळूक यायची. "माझ्याकडे जमिनीचाच कूलर आहे," असं मी पाहुण्यांना सांगायचो, त्यांचे पाय फरशीवर ठेवायला लावायचो. या खोलीत माझी बायको शिवणाचा वर्ग चालवते. शेजारपाजारच्या, बजाजनगरहून बसनं येणाऱ्या, अशा कितीतरी बायका तिथं ब्लाउज शिवायला शिकल्या आणि स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. मशीन खडखडायला लागली की बायकोचा चेहरा वेगळाच दिसतो. त्या खोलीबाहेर मी तिचा नवरा. आत मी तिला दोरा आणून देणारा इसम.

वर्गाला आठवडाभर सुट्टी देऊन तिथं डबी ठेवली. आठव्या दिवशी व्याही डबी हातात धरून जिन्यावरून वर आले. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो आकडा सापडला होता, मर्यादेच्या कितीतरी वर, आणि माणूस खूश नव्हता.

"व्याहीबुवा, त्या फरशीखाली काय आहे?"

मी आडाचं सांगितलं. कूलरचंही सांगितलं.

"तो कूलर नाय," ते म्हणाले, "त्याच वाटेनं वर येतंय ते."

बायको कात्री हातात घेऊन उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "भाऊजी, वर्ग बंद करावा लागेल का?"

"नाय. वायूला दुसरी वाट काढून देऊ. पण तोवर खाली कुणी बसायचं नाय. तुम्ही पण नाय."

वर्ग वरच्या दिवाणखान्यात आला, ओल आल्याचं कारण सांगून. ते कारण माझं. कॉलनीत कळलं तर एक बाई या घराची पायरी चढणार नाही, या भीतीनं मी व्याह्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "हे आपल्यातच राहू द्या." ते माझ्याकडे बघत राहिले. "मोजलेलं लपवायचं?" मग त्यांनी दिवाणखान्यातल्या मशीनच्या आवाजाकडे कान दिला आणि डबी खिशात घातली.

दुरुस्तीत मात्र ते असे रमले, की जणू घरचं कार्य आहे. फरशीचे सांधे बुजवले. फरशीला भोक पाडून आडातल्या दगडांपर्यंत पाईप घातला, तो भिंतीनं गच्चीवर नेला आणि वर नळीत बसणारा पंखा लावला, म्हणजे वायू घरात न येता थेट आभाळात. प्लंबर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "दादा, यांना घरचं कुणी हाय का? पाईपाला ना नळ, ना संडास." गच्चीवर पाईपाच्या तोंडापाशी बायकोनं कुरडया वाळत घातल्या, त्या व्याह्यांनी स्वतः उचलून दुसऱ्या टोकाला नेल्या. पंखा चालू आहे हे खालूनच कळावं म्हणून त्यांनी दवाखान्यातली सलाईनची नळी इंग्रजी 'यू'सारखी वाकवून तळघरातल्या पाईपाला जोडली आणि तिच्यात कुंकवाचं पाणी भरलं. एका बाजूचं पाणी वर चढलेलं असलं की पंखा ओढतोय. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की तो बंद पडला. पुन्हा डबी ठेवली. आकडा खाली आला. वर्ग खाली गेला.

त्या गणपतीत मंडपात ठेकेदारांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय गॅसवाले, सापडलं का भूत कुणाच्या घरात?" लोक हसायला लागले. व्याह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. कापडवाल्याचा गज तपासणारा हा माणूस म्हणाला, "नाय. कुठंच नाय निघालं." आणि लोकांबरोबर मीही हसलो.

तेव्हापासून कॉलनीत त्यांची तशीच आठवण काढतात : चांगला माणूस, पण डोक्यात हवा. ते खोटं आहे. निघालं होतं, माझ्या घरात निघालं होतं, माझ्याच हातानं बुजवलेल्या आडातून. मागच्या महिन्यात मी हे ठेकेदारांना सांगितलं, आणि बायकोनं वर्गातल्या बायकांना. ठेकेदार उठून आधी तो पाईप बघायला आले. बायकांपैकी एकीनंही वर्ग सोडला नाही. एकीनं फक्त विचारलं, "मावशी, मग त्या काकांना बोलवा की आमच्याकडं."

काका आता पुण्याला असतात, मुलाकडे, अकराव्या मजल्यावर. तिथं जमीनच इतकी लांब, की डबीत आकडा जेमतेम हलतो. "हवा चांगली आहे," ते फोनवर म्हणतात, "पण मोजायला काही नाय हो." मी सगळ्यांना सांगून टाकल्याचं त्यांना कळवलं तर म्हणाले, "कशाला? चाललं होतं की." मग नेहमीसारखं बायकोला फोनवर बोलावून विचारलं, "विहीणबाई, पाणी वरखाली आहे ना?"

"आहे भाऊजी. पंखाबी चालूय. ऐकवू का?"

ती जिना उतरून खाली गेली. बायकांना मशीनी थांबवायला सांगितल्या आणि फोन पाईपाला लावून धरला. पाईपात पंख्याची बारीक घरघर चालू होती. पलीकडून त्यांनी फोन ठेवला नाही.