चढत नाही म्हणून

दोन हजार एकोणीस साल. माझं वय अडुसष्ट. शाळा मी चौथीतच सोडली, पण माणूस नुसत्या चालीवरून ओळखतो असा माझा ताठा होता. अजूनही आहे.

आमच्या जानेफळकडं पिणाऱ्यांच्या दोन जाती मानतात. एक बेवडा, तो नालीत पडतो. दुसरा पचवणारा. माझा पोरगा पचवणारा. लग्नाच्या पंगतीनंतर बाकीचे लोळायचे, हा सरळ चालत घरी यायचा. "पचवते गडी," लोक म्हणायचे. मी वर सांगायचो, "त्याले चढतच नाही."

त्या हिवाळ्यात सून म्हणाली, "मामाजी, सकाळी ह्यायच्या हातातून कप पडते. थोडी घेतली का मंग हात थांबते."

"अशक्तपणा असंन," मी म्हटलं. पण त्या दिवसापासून सकाळी कपबशी वाजली की मी आत डोकावून पाहायचो. मग एक दिवस एवढ्या थंडीत तो घामानं ओला झालेला दिसला. सदऱ्याच्या गुंड्या त्याला लागेनात. मी लावून दिल्या. दोन लेकरांच्या बापाच्या गुंड्या! त्याच दिवशी त्याला मेहकरला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीण बाई आमच्या सुनेच्या वयाची. मी म्हटलं, "फोटो काढा, रक्त काढा, काय निघते ते सांगा."

"रक्त काढू बाबा. पण हा आजार विचारूनच जास्त कळतो," ती म्हणाली आणि पोराला विचारत बसली. सकाळी उठल्याबरोबर लागते का? सोडून पाहिली का? पोट दुखतं तरी घेता का? कामं बुडतात का? पोरगा खाली पाहून "हाव, हाव" करत राहिला. मला ते सहन होईना.

"बाई, तो बेवडा नाही," मी मध्येच बोललो. "कितीबी घेऊ द्या, त्याले चढत नाही."

तिचा पेन थांबला. "आधी थोड्यातच चढायची का?"

"पयले चढे," पोरगाच बोलला. "आता नाही चढत. म्हणून जास्त लागते."

"बाबा, हेच तर लक्षण आहे," ती म्हणाली. "शरीराला सवय झाली. आता ते दारूशिवाय चालत नाही. याला व्यसनाचा आजार म्हणतात."

गावभर मिरवलेली गोष्ट तिनं आजाराच्या खात्यात टाकली. मला राग आला. "मंग उद्यापासून ढोरांच्या कोठ्यात कोंडतो याले. थेंब मिळू देत नाही."

"अजिबात नको! एकदम तोडली तर झटके येतील, भलतंसलतं दिसेल. जीवसुद्धा जाऊ शकतो. भरती करून, औषध देऊनच सोडवावी लागते. आज खाट नाही, उद्या सकाळीच घेऊन या."

म्हणजे पिला तरी मरतो आणि मी कोंडला तरी मरतो. परतीच्या एस.टी.त मी त्याच्या हाताकडंच पाहत होतो.

घरी आल्यावर तो अडून बसला. "मी नाही येत. लोक म्हणतीन बेवडा भरती झाला."

"कोणाची हिंमत हाय बे?"

"तुम्हीच सांगत फिरत होते ना, चढत नाही म्हणून? आता काय सांगसान?"

मी त्याचे कपडे पिशवीत भरायला घेतले.

सकाळी मीच त्याच्या गुंड्या लावल्या, पिशवी माझ्या खांद्याला घेतली. तो म्हणाला, "मागच्या वाटेनं जाऊ." मी त्याला चावडीवरूनच नेलं. स्टँडवरच्या चहाच्या हाटेलात नेहमीची मंडळी बसली होती. एक जण ओरडला, "काऊन बुवा, सकाळी सकाळी बापलेक कुठी?"

"मेहकरले. पोराले भरती कराले."

"काय झालं त्याले?"

"चढत नाही म्हणून."

सगळे हसले. मी हसलो नाही. एस.टी. आली. मी आधी पोराला चढवलं, मग मी चढलो.