मेलेल्या साहेबाचा सूट

चाचींनी माझं भलं केलं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर सुटाचंच सांगत बसेन आणि त्यांचं राहून जाईल. चाची म्हणजे आमच्या खोल्यांच्या रांगेत कडेला राहणाऱ्या, दारात पायमशीन मांडून जुने कपडे दुरुस्त करणाऱ्या. त्यांचे मालक टेलर होते. ते गेले तरी चाचींनी मशीन बंद पडू दिलं नाही. माझं-त्यांचं नातं काहीच नाही. मी लांबचा, गोंदियाकडचा. आठवीत शाळा सोडली आणि फिरत फिरत या धाराशिव जिल्ह्यात साखर कारखान्यावर आलो. मशिनींना तेल-ग्रीस घालतो.

थंडीच्या दिवसांत इथल्या आठवडी बाजारात परदेशातल्या जुन्या कपड्यांचे ढीग लागतात. त्यात मला तो सूट सापडला. राखाडी, लोकरीचा, रुंद कॉलरचा, पँटचे पाय ढगळ. आत सोनेरी धाग्यानं कुणाचं तरी आडनाव विणलेलं. अक्षरं लागली, पण उच्चार काही करता येईना. कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या कारकुनानं मोबाइलवर शोधलं आणि भुवया उडवल्या. म्हणाला, हा फार मोठा डिझायनर, सूट तीस-चाळीस वर्षांचा असेल, तिकडं असे जुने सूट लोक मिरवतात. माझी छाती फुगली. तेवढ्यात माझ्याबरोबर राहणारा म्हणाला, "मेलेल्या साहेबाचा हाय तो. तिकडं माणूस मेला की कपडे गठ्ठ्यात बांधून इकडं पाठवत्यात. बघ, खिशात दात बी असतील त्याचे."

सगळे हसले. मीही हसलो. पण सूट खिळ्याला टांगला आणि माझं जेवण गेलं.

सूट घ्यायचं कारण असं, की रविवारी अणदूरला मुलगी पाहायला जायचं होतं. कारखान्यातल्या एका वयस्क फिटरनं जमवलेलं. ते मूळचे तिथलेच. मुलीचे वडील सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, मुलगी बारावी. माझी आई गुडघ्यांमुळं इतक्या लांब येऊ शकत नव्हती आणि वडील नाहीत. शिक्षण विचारलं तर काय सांगायचं, या विचारानं मला धड झोप नव्हती. आमच्या लोकांत कोटाला मान आहे. घराघरांत भिंतीवर जी तसबीर असते, तिच्यात कोट असतो, टाय असतो आणि हातात पुस्तक. पुस्तक माझ्या हातून आठवीतच सुटलं होतं. निदान कोट तरी असावा, एवढंच माझं म्हणणं.

पण तो अंगात घालवेना. सकाळची पाळी करून दुपारी दार उघडलं की भिंतीशी कुणीतरी पाठमोरं उभं असायचं. भर दुपारी, लख्ख उन्हात. उजवा खांदा किंचित उतरलेला. माझ्या वडिलांचा तसाच होता.

वडिलांकडं एकच कोट होता, काळा. जयंतीला आणि लग्नात घालायचे. मी आठवीत असताना ते गेले. काका म्हणाले, कोट ठेव, दोन वर्षांत तुला बसेल. पण कोट घरात असेपर्यंत मला तिकडं पाठ करून बसता येईना. एक दिवस आई कामावर गेली असताना जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई गल्लीत आली. मी कोट तिच्या हवाली केला. तिनं स्टीलचा एक डबा दिला. संध्याकाळी आईनं पेटी उघडली, बंद केली. पुन्हा उघडली. मग मांडणीवरच्या नव्या डब्याकडं बघितलं. बोलली काहीच नाही. आजतागायत बोललेली नाही. मी घर सोडलं त्या सकाळी तिनं त्याच डब्यात मला भात बांधून दिला. अजून मी पाळीला तोच नेतो. झाकण उघडताना कधीकधी कोटाचा वास येतो. स्टीलला असा वास येत नसतो, हे मलाही कळतं.

शुक्रवारी सूट घेऊन चाचींकडं गेलो. म्हटलं, मापात करून द्या, आणि मेलेल्या माणसाचा असेल तर तसं सांगा.

चाचींनी आधी चहा ठेवला. मग कोट उलटा केला, अस्तर उचकटलं आणि पाठीच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिल्या. मला जवळ बोलावलं. शिवणीच्या आत जुन्या टाक्यांच्या बारीक भोकांच्या दोन ओळी होत्या.

"हे बघ बेटा. दोनदा उसवून ढिल्ला केलाय. मरायला टेकलेला माणूस वाळतो, त्याचा कपडा आत घ्यावा लागतो. हा तर फुगत गेलाय. कोटात मावंना तवा देऊन टाकला असंल. बसला असंल कुठंतरी खात."

मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. उतरलेल्या खांद्याचं विचारलं, तर म्हणाल्या, रोज एकाच हातात बॅग धरणाऱ्यांचा उतरतो तसा, त्यात भुताचं काय. पाठ त्यांनी आत घेतली. खांद्याला हात लावला नाही. खांदा उसवला की कोट मरतो, म्हणाल्या. पँटचे पाय मला नळीसारखे करून हवे होते. ते त्यांनी साफ नाकारलं. कोट जुन्या जमान्याचा आणि पँट आजची, असा माणूस अर्धा इथं अर्धा तिथं दिसतो. टाय मी मागून आणला होता, तोही परत केला. त्याऐवजी पांढऱ्या शर्टावर घालायला बिनबाह्यांचा हातविणीचा स्वेटर काढून दिला, वाळल्या मिरचीच्या रंगाचा. वर माझ्या हातावर तपकिरी शाल टाकून लांब जाऊन बघितलं. म्हणाल्या, थंडी आहे, कपड्यानं थंडीचं काम केलं पाहिजे, मग तो आपोआप शोभतो. आरशात मी मला ओळखीचा वाटलो, वडिलांसारखा. तेवढ्यानंच पुन्हा भीती वाटली.

रविवारी चाची माझ्या बाजूच्या वडीलधाऱ्या म्हणून निघाल्या. सकाळी धुकं होतं. गाळप चालू असलं की आमच्याकडं चिमणीची काजळी उडते. अंगावर पडली तर हात लावायचा नसतो, फुंकायची. इथल्या लहान पोरालाही हे ठाऊक असतं. मलाही होतं. पण बाहीवर काळा ठिपका दिसला आणि घाबरलेल्या हातानं मी तो पुसला. राखाडी बाहीवर चार बोटं लांब काळा फराटा उठला. चाचींनी कपाळाला हात लावला, मग शाल त्या हातावर सरकवली. "हात हलवू नको," एवढंच म्हणाल्या.

एसटीत मी वाक्य पाठ करत होतो. कोटाचं विचारलं तर सांगायचं, वडिलांचा आहे. म्हणजे घराणं दिसेल. शिक्षण विचारलं तर दहावी.

अणदूरला घरात शिरलो. भिंतीवर तसबीर होतीच. मुलीचे वडील माझ्या कॉलरकडं बघत राहिले. पाण्याचा तांब्या पुढं आला, मी दोन्ही हात केले आणि शाल खाली पडली.

"काजळी पुसली व्हय?" ते म्हणाले. "फुंकायची असती ती." आणि मग, "कोट वडलांचा का?"

तोंडातलं वाक्य ओठापर्यंत आलं होतं. पण बाहीवरचा फराटा सगळ्यांना दिसत होता, आणि आता बाकीचं झाकून काय करणार, असं झालं. मी म्हणालो, "नाही. बाजारातल्या ढिगातला आहे. वडिलांचा होता, तो मी डब्यावर देऊन टाकला." मग शाळाही सांगितली. आठवी. चाची खाली बघत होत्या.

दारात पोह्यांचा ट्रे धरून उभी असलेली मुलगी म्हणाली, "डबा हाय का अजून?"

"आहे. रोज त्यातच जेवतो."

तिनं मान हलवली आणि पहिली बशी मला दिली.

परतीच्या एसटीत चाची खिडकीबाहेरच्या ज्वारीकडं बघत होत्या. मी स्वेटर कुठून आणला ते विचारलं.

"कोट जिवंत माणसाचा होता, बेटा. स्वेटर माझ्या माणसाचा. आधी सांगितलं असतं तर घातला असतास?"

मी कोटाची बटणं लावून घेतली. थंडी होती आणि स्वेटर गरम होता.

आठ दिवसांनी अणदूरहून होकार आला. गाळप संपलं की आईला आणायला जाणार आहे. वडिलांच्या कोटाचं तिला या वेळी सांगायचंच, असं ठरवलंय. सूट अजून खिळ्यालाच असतो आणि दुपारी दार उघडलं की अजूनही पाठमोरं कुणीतरी उभं असतं. मी आता डबा खाली ठेवतो आणि त्याच्याकडं पाठ करून जेवतो.

स्वेटर चाची परत घेत नाहीत. पायमशीन मारून त्यांचे गुडघे माझ्या आईसारखेच झालेत. मला दुसरं काही येत नाही, पण मशीन कळतं. त्या मशीनला एक दिवस मी मोटर बसवून देईन, माझ्या हातानं, आवाज होऊ न देता. चाचींनी मग पाय नुसता टेकवायचा.