व्हायोलेटची जुडी

धम्मदीपा माझी नागपूरची विद्यार्थिनी. उत्तर येत असलं तरी वर्गात हात अर्धाच वर करायची. आता ती कोलोनच्या एका संग्रहालयात जुनी छापचित्रं दुरुस्त करते. मुलाकडे कोलोनला आले की मी तिला भेटते.

या वसंतात तिथे सतराव्या शतकातल्या स्त्री-चित्रकारांचं प्रदर्शन भरलं. त्यात कॅथरिना नावाच्या बाईचं एक छापचित्र होतं. टेबलाशी दोघी बसलेल्या. कॅथरिना तांब्याचा पत्रा कोरतेय आणि तिच्याच घरात राहणारी मार्गारेटे तिच्यापुढे व्हायोलेटची जुडी धरून आहे. जुन्या यादीत ‘दोन बहिणी’ एवढंच होतं. धम्मदीपाने दोघींची पत्रं वाचली, त्यांच्या मैत्रिणींमध्ये ही फुलं प्रेमात पडलेल्या बायकाच एकमेकींना द्यायच्या हे शोधलं, आणि जर्मन पाटीवर ‘प्रेयसी’ असा शब्द लिहिला. जर्मनमध्ये तो लिहिताना तिचा हात अडला नाही.

मग संग्रहालयाने तिला मराठी मंडळींसाठी मराठीत माहिती देत प्रदर्शनाची फेरी घ्यायला सांगितलं. नेमकी त्याच आठवड्यात तिची आई, अंजनाबाई, आली. धम्मदीपासोबत राहणारी ऊर्मिला म्हणजे भाडं वाटून घेणारी मैत्रीण, असं अंजनाबाईंना अकरा वर्षं सांगितलेलं. खरं काय ते मला ठाऊक होतं.

“बाई, आज बहिणीच म्हणू का?” फेरीआधी तिने मला विचारलं.

“स्वतः लिहिलेलं खोडणार?”

ती चित्रापाशी गेली. अंजनाबाई पुढेच उभ्या होत्या, ऊर्मिला पार मागे.

“कॅथरिनाचं मार्गारेटेवर प्रेम होतं,” धम्मदीपा म्हणाली.

“आल्झो, म्हणजे बेस्ट फ्रेंड्स!” वाल्डॉर्फ गावाहून फेरीला आलेले शशिकांत म्हणाले.

“नाही, दादा. संसार होता त्यांचा.”

कुणी खोकलं. अंजनाबाईंनी चष्मा पुसून चित्र पुन्हा पाहिलं. “म्हातारपणी कोणी केलं गं यांचं?”

“एकमेकींनीच, आई. मार्गारेटे अंथरुणाला खिळली, तेव्हा कॅथरिनाने कोरकाम सोडलं.”

अंजनाबाईंनी आधी लेकीकडे, मग मागे उभ्या ऊर्मिलाकडे पाहिलं. ट्रामच्या थांब्यावर त्यांनी ऊर्मिलाला जवळ बोलावलं.

“तुझ्या घरी तुम्हा दोघींचं माहीत आहे?”

“आईला आहे.”

“म्हणजे मीच शेवटची.” धम्मदीपाने आईचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

ट्राम दिसली तेव्हा त्या लेकीला म्हणाल्या, “एकच संसार, आणि अकरा वर्षं दोघींना लोणच्याच्या वेगळ्या बरण्या पाठवल्या मी. किती वजन झालं माहितीय?”